संवत्सरीचा फोन

धरमचंद स्वतःलाच फोन लावत होते. सुमतीबाईंचा मोबाइल हातात, चष्मा कपाळावर सरकवलेला, आणि एकेक आकडा मोठ्याने म्हणत म्हणत दाबत होते. त्यांचा स्वतःचा मोबाइल शेजारी पाटावर मुकाट पडला होता. दोन दिवस झाले, त्याला रेंजची एक दांडी येईल तर शपथ. आधी वाटलं, टॉवरला काही झालं असेल. पण बायकोचा मोबाइल त्याच कंपनीचा, त्याच घरातला, आणि तो खणखणीत चालू होता. तेव्हा आज सकाळी पारण्याचं मुगाचं पाणी पोटात गेल्यावर त्यांनी ही शक्कल काढली होती. बघू तरी वाजतो का.

पाटावरचा मोबाइल वाजला नाही. कानाशी धरलेल्यात मात्र रिंग गेली, आणि पलीकडून एका बाईने फोन उचलला.

"हां, केलं माफ," बाई म्हणाली.

"काय?"

"केलं म्हणलं माफ. काल सांजच्यापास्नं सगळ्यान्ला माफच करतीया मी. आता तुमी कोण?"

"मी धरमचंद. नारायणगावहून बोलतोय, भांड्यांचं दुकान आहे आमचं. बाई, हा नंबर माझा आहे."

"आवो, फोन माज्या हातात हाय अन् नंबर तुमचा कसा?" बाई हसली. मागे कुठे तरी म्हैस हंबरली. "चुकून लागला आसंल. ठिवते."

आणि तिने ठेवलाही.

धरमचंद मोबाइलकडे बघत राहिले. सुमतीबाई ओट्यापाशी उभ्या होत्या. त्यांनी वळून विचारलं, "कोण व्हतं?" एरवी चारचौघांत त्या शुद्ध बोलत, पण निमगाव साव्याचं माहेर, वडिलांचं दुकान भर गावात, लहानपण सगळं शेतकऱ्यांच्या पोरींत गेलेलं. बेसावध असल्या की बोली तोंडात यायचीच.

"मीच होतो," धरमचंद म्हणाले. "पण कुणी तरी बाई बोलत होती."

काल संवत्सरी होती. वर्षभरात कळत-नकळत ज्याला दुखावलं असेल त्याची क्षमा मागायचा दिवस. दिवसभर उपवास, संध्याकाळी जैन स्थानकात प्रतिक्रमण, म्हणजे पापांची उजळणी, आणि ते आटोपलं की जो तो फोन हातात घेतो. सगेसोयरे, व्याही, गिऱ्हाईक, कधी काळी तोंड फिरवून गेलेले, सगळ्यांना 'मिच्छामि दुक्कडं' म्हणायचं. धरमचंदांना असे ढिगाने फोन यायचे. त्यातले निम्मे घेताना ते जांभया देत असत, ही गोष्ट वेगळी. त्यांना हवा असायचा एकच फोन, आणि तो यायचा मंचरहून, धाकट्या भावाचा, हस्तीमलचा.

नारायणगाव ते मंचर अंतर ते केवढं! बसमध्ये टेकलं न टेकलं तोवर उतरायची वेळ. पण दोन्ही घरांत जाणं-येणं बंद होऊन दहा-बारा वर्षं झाली होती. आई शेवटी हस्तीमलकडे होती आणि तिथेच गेली. देह फार वेळ ठेवायचा नाही ही रीत. धरमचंद आणि सुमतीबाई स्मशानात पोचले तेव्हा चितेची लाकडं कोसळून गेली होती. हस्तीमल रडत रडत म्हणाला, "सकाळपासून लावत होतो, भाई. फोन लागतच नव्हता." त्यावर सुमतीबाईंनी सगळ्या सोयऱ्यांसमोर त्याला सुनावलं, "लावायचा असतो त्याला लागतो." सासूचं सगळं त्यांनी केलं होतं, न्हाऊमाखू, पथ्यपाणी, रात्रीबेरात्रीचं उठणं, आईला मंचरला नेलं त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. आणि तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. त्या घरातलं घोटभर पाणी न पिता त्या परत फिरल्या, त्या फिरल्याच.

राहिला तो वर्षातून एक फोन. धाकट्याने करायचा, थोरल्याने घ्यायचा. हस्तीमल म्हणायचा, "मिच्छामि दुक्कडं, भाई." धरमचंद म्हणायचे, "मिच्छामि दुक्कडं." मग हस्तीमल जरा थांबायचा. "भाभीलाही सांगा." धरमचंद फोन बायकोपुढे धरायचे. त्या तेवढ्यात हाताला लागेल ती वस्तू उचलायच्या, पातेलं, पंचा, काहीही, आणि दोन्ही हात भरलेले घेऊन आत जायच्या. फोन कानाला लावायला हात रिकामा पाहिजे ना!

यंदा तोही फोन आला नाही. म्हणजे आला असेल, पण कुणाकडे?

"तुम्हीच लावा की त्याला," सुमतीबाई पाठमोऱ्या म्हणाल्या. त्यांनी आवाजात काही येऊ दिलं नाही.

"लावून काय सांगू? माझा फोन बंद होता म्हणून?"

ओट्यावरची खुडबुड थांबली. ते वाक्य त्या घरात कुणी कुणाला म्हणायची सोय राहिली नव्हती. धरमचंद उठले, टोपी घातली, बायकोचाच मोबाइल खिशात टाकला आणि कंपनीच्या दुकानाकडे निघाले. त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. ज्यांनी फोन बंद केला त्यांनीच ते लिहून द्यायचं, शिक्क्यानिशी. मग तो कागद हस्तीच्या हातात ठेवता येईल. तोंडी सांगण्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

कंपनीच्या दुकानात सुदर्शन नावाचा मॅनेजर होता. पोरगेलासा, गळ्यात ओळखपत्र, वागायला गोड. घरात गणपती असल्याने कपाळाला गंध होता. त्याने कॉम्प्युटरात बघितलं आणि खुशीत म्हणाला, "काका, तुमचा नंबर चालू आहे."

"चालू आहे हे मलाही माहीत आहे. एक बाई बोलते त्यावर."

"असं होत नाही हो."

"लाव की मग. लावून बघ."

सुदर्शनने लावला. "हां, केलं माफ," एवढं ऐकून त्याने फोन ठेवला आणि मग दुसऱ्या खुर्चीवर बसून कॉम्प्युटरात पुन्हा बघू लागला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "तक्रार नोंदवावी लागेल, काका. कस्टमर केअरला. इथून होत नाही."

कस्टमर केअर! मराठीसाठी अमुक दाबा, तक्रारीसाठी तमुक दाबा. पाठीमागे सनई. आपला कॉल आमच्यासाठी फार मोलाचा आहे, असं एक पोरगी अर्धा तास सांगत राहिली. अखेर एक जिवंत मनुष्य आला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, खात्री करण्यासाठी तुमच्या नंबरवर एक ओटीपी पाठवला आहे, तो सांगा."

"अरे बाबा, तो नंबरच माझ्याकडे नाही, म्हणून तर तक्रार आहे!"

"सर, ओटीपीशिवाय तक्रार पुढे जात नाही."

धरमचंदांनी एका कानाला तो मनुष्य धरला आणि शेजारच्या मेडिकलवाल्याच्या फोनवरून आपला नंबर लावला. बाईने उचलला.

"बाई, मी मघाचा. आता एक मेसेज आला असेल, त्यात आकडे आहेत, तेवढे वाचा."

"टुंग वाजलं खरं," बाई म्हणाली. "पर मला वाचाया येत न्हाई. सून गेलीया कांद्याच्या रोपाला. ती आली का सांगते."

"कधी येईल?"

"यील की सांच्याला."

ओटीपीची मुदत तेवढी नव्हती. पण त्या निमित्ताने नाव-गाव कळलं. सरूबाई, महाळुंगे पडवळ. मोबाइल गव्हाणीतल्या पाण्यात पडला म्हणून सून आरतीने मंचरच्या दुकानातून सासूला त्याच नंबरचं नवीन कार्ड आणून दिलं होतं. सरूबाईंचा नंबर आणि धरमचंदांचा नंबर, शेवटून दुसरा आकडा तेवढा वेगळा. कार्ड करणाऱ्याचं बोट घसरलं आणि नारायणगावच्या धरमचंद शेटजींचा नंबर महाळुंग्याच्या गोठ्यात जाऊन वाजू लागला.

एवढी उघड चूक, पण ती निस्तरेपर्यंत गणपती उठले, पितृपक्ष लागला. दरम्यान धरमचंदांच्या नाकी नऊ आले. ज्यांना भांड्यांवर नावं घालून हवी होती ते फोन करत आणि सरूबाईंना विचारत, "डबे झाले का?" सरूबाई त्यांना सांगत, "व्हत्याल, व्हत्याल, धीर धरा." एकदा तर त्यांनी एका वरबापाला हंड्याचा भावसुद्धा सांगितला म्हणे, अंदाजाने.

शेवटी एके दिवशी पाटावरचा मोबाइल आपसूक जिवंत झाला. लागोपाठ सुदर्शनचा फोन. कंपनी दिलगीर आहे आणि तीन महिन्यांचा रिचार्ज फुकट देते आहे.

"रिचार्ज नको," धरमचंद म्हणाले. "लिहून पाहिजे. संवत्सरीच्या दिवशी माझा नंबर तुमच्या चुकीने दुसऱ्याकडे होता आणि मला आलेले फोन मला मिळाले नाहीत. एवढं एक वाक्य."

"काका, लेखी काही देत नाही हो कंपनी. सहा महिन्यांचा करून देतो."

"सहा वर्षांचा दिलास तरी नको."

"पण तुमचं नुकसान काय झालं, ते तरी सांगा. धंद्याचं काही? बँकेचं?"

धरमचंदांनी मान वर करून पाहिलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोर काय सांगायचं, माझा भाऊ मला वर्षातून एकदा फोन करतो म्हणून? "एक फोन बुडाला," ते म्हणाले. पलीकडे सुदर्शनला वाटलं, एखादा कॉल मधेच कट झाला असेल.

पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाने, कल्पेशने, ग्राहक आयोगाकडे तक्रार भरून दिली. नुकसानभरपाईच्या रकान्यात त्याने आपल्या मनाने मोठा आकडा घातला. "पप्पा, मोठा आकडा घातल्याशिवाय ते हलत नाहीत," असं त्याचं म्हणणं. धरमचंदांना आकड्याशी काडीचं देणंघेणं नव्हतं. त्यांना ते वाक्य हवं होतं. दिवाळी आली, गेली. हस्तीमलचा फोन नाही. एरवीही दिवाळीला तो करत नसे, पण यंदा धरमचंदांना ते टोचलं. त्याला वाटत असणार, भाईने तेवढाही धागा तोडला. रात्री पाडव्याची पूजा झाल्यावर ते बायकोला म्हणाले, "माझ्या पाठीवर एकच भाऊ आहे. तो काय समजून बसला असेल?" सुमतीबाईंनी निरांजनात तूप घातलं.

मग कंपनीच्या वकिलाचं उत्तर आलं. तक्रारदाराला त्या काळात काही महत्त्वाचे फोन आले होते याला पुरावा काय? कल्पेश म्हणाला, त्या बाईचा जबाब घेऊन या. त्याने जबाब टाइप करून पाठवला, खाली अंगठ्याला जागा सोडून.

"मी येते," सुमतीबाई म्हणाल्या. "बाईमाणसाकडे एकटे कुठं जाता?"

धरमचंदांनी स्टीलचा एक चांगला झाकणाचा डबा काढला, नावं घालायचं यंत्र लावलं आणि झाकणावर सरूबाईंचं नाव घातलं. रिकाम्या हाताने कसं जायचं! स्कूटरवर दोघं निघाली. मधे सुमतीबाईंच्या मांडीवर डबा, डब्यात कागद.

महाळुंग्यात धरमचंदांनी सरूबाईंचं घर विचारायला तोंड उघडलं मात्र. ओट्यावर कांदे निवडत बसलेली बाईच उठून म्हणाली, "शेटजी ना? आवाजावनं वळाकलं." सत्तरीला आलेली, काटक, नऊवारीचा काष्टा घट्ट. तिने घोंगडी टाकली, पाणी दिलं, सुनेला चहाला पिटाळलं. डब्यावरचं नाव आरतीने वाचून दाखवलं तेव्हा तिला फारच गंमत वाटली. "माजं नाव! तुमचा नंबर मी वापरला अन् नाव माजं घालून आणलं व्हय?" झाकणावरून तिने दोन-तीनदा बोट फिरवलं.

चहा झाल्यावर धरमचंदांनी विषय काढला. संवत्सरीच्या संध्याकाळी मंचरहून एका माणसाचा फोन आला होता का, हस्तीमल नावाचा?

"नाव कोन सांगतंय. सगळे निसतं मिच्चामी मिच्चामी. मला आधी कळंना. मंग एका पोरीनं सांगितलं, आजी, माफी मागत्यात त्याला तसं म्हंत्यात. म्हणलं आसंना. माफ करायला काय जातंय? आपलं काय खर्ची पडतंय?" ती कांद्याची पात खुडत बोलत होती. "पर एक जण व्हता. त्यो ध्यानात हाय."

"काय म्हणाला?"

"पैल्यांदा म्हणला, भाई हाय का. म्या म्हणलं, न्हाई, मीच हाय. तर यकदम गप झाला. मंग म्हणला, भाभी? भाभी तू बोलतीस? अन् रडायाच लागला की वो! येवढा बाप्या माणूस. आता मी न्हाई म्हणू तरी कशी? त्यो रडतुया अन् मी म्हणू, मी न्हवं रं तुजी भाभी, फोन ठिव?"

सुमतीबाईंच्या हातात चहाची रिकामी बशी होती. त्यांनी ती खाली ठेवली, मग पुन्हा उचलली.

"म्हणला, भाभी, त्या दिवशी खरंच फोन लागत नव्हता. आईची आण. दुकानातनं लावला, शेजारून लावला. म्या म्हणलं, नसंल लागला बाबा. फोनचं काय खरं हाय? आमच्या रानातल्या वस्तीव कुठं लागतुया? वढ्याच्या पलीकडं जावं तवा एक दांडी येती. रडू नगं, म्हणलं. चुकतंय माणसाचं. आवाज लईच खोल गेल्याला व्हता. म्हणलं, उपाशी हाईस काय? तर हां म्हणला. म्हणलं, उपाशी नगं राहू, ये की घरी, भाकरी खाऊन जा."

"जेवायला बोलावलंत?" धरमचंदांचा आवाज फाटला.

"मंग? रडत्या माणसाला काय, निसतं ठीक हाय म्हणू? येतो म्हणला. पर म्हणला, भाईला इचारा. भाईचा एक फोन येऊ दे, त्याच दिवशी येतो." सरूबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "आला का न्हाई मंग त्यो तुमच्याकडं?"

आरती दारात उभी राहून पदराशी चाळा करत होती. भावाचा फोन बुडाला म्हणून धरमचंद इतके महिने कंपनीशी भांडत होते. आणि तिकडे मंचरला हस्ती भावाच्या फोनची वाट बघत बसला होता. धरमचंदांनी डब्यातला कागद काढला आणि उलगडू लागले.

"आंगठा कुठं करायचा?" सरूबाईंनी हात पुढे केला.

"राहू द्या," सुमतीबाई म्हणाल्या.

"अगं, राहू द्या काय? त्यासाठीच तर..."

"राहू द्या म्हणते ना." त्यांनी नवऱ्याच्या हातून कागद घेतला, घडी घातली आणि पिशवीत टाकला. मग उठून सरूबाईंपाशी गेल्या, काय करावं ते न सुचून त्यांनी तिच्या पुढ्यातले दोन कांदे उचलले, पात खुडली आणि निवडलेल्या ढिगावर टाकले. "येते हं, बाई," म्हणाल्या.

"आता वळाक झाली तर येत जा," सरूबाई म्हणाली.

हायवेला लागल्यावर एका अंगाला मंचर, दुसऱ्या अंगाला नारायणगाव. धरमचंदांनी स्कूटर उभी केली. गाड्या जाऊ द्यायच्या म्हणून असेल. गाड्या गेल्या तरी ते जरा उभेच राहिले, मग नारायणगावकडे वळले. मनात त्यांच्या सगळा चिवडा झाला होता. हस्तीला फोन लावावा तर खरं सांगावं लागणार. खरं सांगितलं की भाभी बोललीच नव्हती हे त्याला कळणार. आणि ही इकडे अंगठा नको म्हणते. बायकांचं डोकं! त्यांना रागही आला होता.

बऱ्याच वेळाने पाठीमागून सुमतीबाई बोलल्या. वाऱ्यामुळे आधी ऐकूच आलं नाही.

"काय?"

"म्हटलं, आई गेल्या त्या दिवशी आपण येडगावला होतो ना?"

"हो. त्या गिऱ्हाइकाच्या वास्तुशांतीला."

"धरणापाशी तेव्हा रेंज नसायची."

धरमचंदांनी आरशात बघायचा प्रयत्न केला. आरशात नुसता वाऱ्यावर उडणारा पदर दिसत होता.

"अजूनही नसते," ते म्हणाले.

"आपण पंगतीत बसलो होतो. मी दुसऱ्यांदा श्रीखंड घेतलं होतं."

त्यानंतर काही दिवसांनी सुदर्शन स्वतः दुकानात आला. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. सुमतीबाई जेवणाचा डबा घेऊन आल्या होत्या आणि नवऱ्याला वाढत होत्या. सुदर्शन पायरीवर चपला काढून आत आला, बॅगेतून पाकीट काढलं आणि ते देवाच्या प्रसादासारखं दोन्ही हातांनी पुढे केलं.

"घ्या काका. जिंकलात. तुमच्यापायी वरपर्यंत बोलणी खाल्ली मी. भरपाई पण देतायत आणि तुमचं ते वाक्य पण. लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी. तुम्ही इथे खाली सही केली की तक्रार मिटली."

धरमचंदांनी हात धुतले, पुसले, चष्मा डोळ्यांवर घेतला. वाक्य खरोखरच होतं. तारीख घातलेली. आपला क्रमांक आमच्या चुकीमुळे अन्य ग्राहकाकडे होता व त्या दिवशी आलेले कॉल आपल्याला मिळालेले नाहीत. त्यांनी ते मोठ्याने वाचलं, एकदा, मग आणखी एकदा. मग लहान मुलासारखे बायकोकडे बघून हसले.

"बघ! आता हस्तीला दाखवतो. आता तो म्हणेल तरी काय?"

सुमतीबाई ताटात भात वाढत होत्या. "हे दाखवलं," त्या सावकाश म्हणाल्या, "म्हणजे त्याला कळणार, त्या दिवशी मी नव्हते."

धरमचंदांचं हसू तसंच राहिलं आणि हळूहळू उतरलं. कागद त्यांनी गल्ल्यावर ठेवला. सुदर्शनने पेनाचं टोपण काढून पेन पुढे धरलं होतं. त्याला काही उमगेना. "एखादा शब्द चुकला का काका? बदलून आणतो."

"नाही. बरोबर आहे सगळं," धरमचंद म्हणाले. पेन मात्र त्यांनी घेतलं नाही.

सुमतीबाईंनी भाताचं पातेलं खाली ठेवलं. वरणाची वाटी खाली ठेवली. पदराला दोन्ही हात पुसले, चांगले कोरडे होईपर्यंत.

"तुमचा मोबाइल द्या," त्या म्हणाल्या.

"माझा?"

"तुमचाच. भाईचा फोन आल्यावर येतो म्हणाला होता ना?"

धरमचंदांनी मोबाइल दिला. हस्तीचं नावही शोधून दिलं. सुमतीबाईंनी तो कानाला लावला. रिंग जाऊ लागली. ती दुकानात तिघांनाही ऐकू येत होती. मग पलीकडून आवाज आला, घाईघाईचा, दचकलेला.

"भाई? भाई, बोला."

"भाई जेवतायत," सुमतीबाई म्हणाल्या. "मी बोलतीया. जेवायला ये म्हणलं व्हतं ना तुला? आला न्हाईस तो?"

पलीकडून काही उत्तर आलं नाही. सुमतीबाईंनी मोबाइल कानापासून लांब धरून बघितला, आकडे पळत होते, पुन्हा कानाला लावला.

"हॅलो? हस्ती?"

काहीच नाही.

सुदर्शन हळूच धरमचंदांकडे वाकला. हा त्याचा रोजचाच विषय होता. "काका, या गाळ्यात जरा रेंजचा..."

धरमचंदांनी हात वर करून त्याला थांबवलं. त्यांचे डोळे भरले होते आणि ते त्यांनी पुसलेही नाहीत.

"रेंज चांगली आहे रे तुमची," ते म्हणाले. "जरा गप बस."